खाज आहे, पुरळ कुठे?

दोस्तांनो, अंगाला खाज कुणाला सुटत नाही? डास चावला, घामोळं आलं, खरूज झाली, थंडीत कातडी कोरडी पडली की आपण कराकरा खाजवतो. बहुतेक वेळा कारण असं साधंच असतं. पण कधीकधी अंगावर ना पुरळ, ना फोड, तरी खाज थांबत नाही. तेव्हा कारण रक्तात लपलेलं असू शकतं.

१८३२ साली लंडनच्या डॉ. टॉमस हॉजकिन यांनी गाठी सुजण्याच्या एका आजाराचं वर्णन केलं. तोच 'हॉजकिन लिम्फोमा', म्हणजे पांढऱ्या पेशींचा कर्करोग. बिघडलेल्या पेशींमुळे काही रसायनं रक्तात येतात. ती कातडीतल्या नसांना डिवचतात, असं मानतात. हा आजार मुलांनाही होतो; पण योग्य उपचारांनी बहुतेक मुलं बरी होतात बरं का!

दुसरा आजार सहसा मोठ्यांचा : पॉलिसायथेमिया व्हेरा. यात तांबड्या पेशी फार वाढतात. आजोबांना गरम पाण्यानं आंघोळ केली की रोज अंगभर खाज सुटते? नुसता साबण बदलू नका, रक्तही तपासून घ्या.

मग घाबरायचं का? मुळीच नाही, फक्त सांगायचं. खाज कित्येक आठवडे थांबत नसेल किंवा मानेत, काखेत न दुखणारी गाठ, सारखा ताप, रात्री दरदरून घाम, वजन घटणं असं काही असेल, तर न लाजता घरी सांगा. आणि आईबाबांनो, 'नीट आंघोळ करत नाहीस' म्हणून रागावण्याआधी मुलाला डॉक्टरांकडे न्या!