कस्तुरीमृगाचा पक्ष

औषधाची पुडी हाती घेऊन रुग्ण ‘यात प्राणिज काही आहे का?’ असे विचारतो, तेव्हा तो जैन किंवा माळकरी असावा असे गृहीत धरून आपण उत्तर देतो. आता त्या प्रश्नामागे धर्माखेरीज दुसरी एक विचारधाराही असू शकते. वैद्यवर्गाने तिची दखल घेणे अगत्याचे आहे, असे आम्हांस वाटते.

ऑस्ट्रेलियन तत्त्वज्ञ पीटर सिंगर यांचा ‘अ‍ॅनिमल लिबरेशन’ हा ग्रंथ १९७५ मध्ये प्रसिद्ध झाला. प्राण्याला बुद्धी किती यापेक्षा त्याला वेदना होते की नाही, हा बेंथमने १७८९ मध्ये मांडलेला मुद्दा त्यांनी पुढे नेला. सारखी वेदना कोणाचीही असो, तिला सारखेच महत्त्व, हे त्यांचे सूत्र. अमेरिकन तत्त्वज्ञ टॉम रेगन १९८३ मध्ये याहून पुढे गेले. प्राण्याचे आयुष्य त्याचे स्वतःचे असते. म्हणून वेदना होवो वा न होवो, त्याला दुसऱ्याचे साधन करणेच अन्याय्य, असे त्यांचे प्रतिपादन.

दोहोंतील अंतर कस्तुरीवरून स्पष्ट होते. कस्तुरी केवळ नराच्या ग्रंथीत असते. एका ग्रंथीत साधारण पंचवीस ग्रॅम. फासा मात्र नर-मादी ओळखत नाही, माद्या आणि पाडसेही त्यात मरतात. याविरुद्ध दोघांचेही मत एकच पडेल. परंतु चीनमध्ये मृग पाळून, त्यास न मारता कस्तुरी काढतात. तेथे सिंगर वेदनेचा हिशेब मागतील. रेगन पिंजराच नाकारतील. एकांतात, आपली हद्द राखून जगणाऱ्या या प्राण्याच्या बाबतीत आमचा कौल रेगन यांच्या बाजूने आहे.

आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत कस्तुरीमृग आहे, तेव्हा वाद मिटला, असे कोणी म्हणेल. तो मिटलेला नाही. केवळ कायद्याच्या धाकाने सोडलेली वस्तू मागल्या दाराने परत येते, हे औषधी बाजारात वावरणाऱ्यांस आम्ही सांगावयास नको.

चरकसंहितेतील जांगम द्रव्यांत पित्त, वसा, अस्थी, शृंग, नख हे सर्व आहे. ते झाकण्यात अर्थ नाही. पण भावप्रकाशात कस्तुरीच्या अभावी कंकोल आणि मोत्याच्या अभावी मुक्ताशुक्ती सांगितली आहे. (शुक्तीही जीवच, हा भाग निराळा.) अभाव म्हणजे बाजारात न मिळणे, एवढाच अर्थ आजवर घेतला गेला. जे घेणे उचित नाही, तेही अभावातच गणावे, असे आम्ही सुचवितो. प्रतिनिधी द्रव्याने मूळ गुण तंतोतंत मिळत नाहीत, ही अडचण खरी आहे. तो तोटा पत्करावा लागेल.

रेगन यांच्या तर्काने मात्र दूध, तूप, मधही वर्ज्य ठरतात. तेथवर आम्ही जाऊ शकत नाही; घृताविना स्नेहपानाची कल्पना आम्हांस करवत नाही. तरीही ज्या गोठ्यातील तूप आपण वापरतो, तेथील गोऱ्ह्यांचे पुढे काय होते, या प्रश्नाला आमच्याजवळ समाधानकारक उत्तर नाही.

औषधनिर्मात्यांस एक विनंती. कल्पात कस्तुरीऐवजी लताकस्तुरी घातली असेल, तर वेष्टनावर ‘लताकस्तुरी’ असेच ठळक अक्षरांत छापावे. आज पुडी पुढे करून विचारणाऱ्या रुग्णास वैद्य अंदाजाने उत्तर देतो.