चौपन्नचे पंचेचाळीस झाले तेव्हा

आज थोडं स्वतःबद्दल बोलतो.

ट्रेनिंगच्या आधी माझा ऑफिस फर्निचर सप्लायचा धंदा होता. फोनवर खुर्चीचा भाव ठरला चौपन्नशे, आणि मी कोटेशनमध्ये टाकले 4,500. चाळीस खुर्च्या होत्या. सरळ 36,000 रुपये गेले. पार्टनर म्हणाला, "लक्ष कुठं असतं रे तुझं?"

लक्ष तिथंच होतं हो. मराठीत आपण एकम आधी बोलतो. 'चौपन्न' म्हटलं की 'चौ' आधी कानावर पडतो आणि माझा हात आधी 4 लिहितो. पुढे मुलीच्या तपासणीत डिस्कॅल्क्युलिया निघाला, तेव्हा माझंही कळलं. चाळिशीत! तोपर्यंत मी स्वतःला बेफिकीरच समजत होतो. आता समोरच्याला स्पष्ट सांगतो, "आकडा सुटा सुटा सांगा, पाच-चार-शून्य-शून्य, आणि व्हॉट्सॲपवर टाका." एकही ग्राहक त्यामुळे तुटला नाही. लपवण्यात मात्र भरपूर पैसे गेले.

पण खरी लाज वेगळ्याच गोष्टीची वाटते. मागच्या वर्कशॉपला मी हॉल घेतला दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. का? तर भाडं कमी. व्हीलचेअरवरच्या एक ताई फी भरून आल्या आणि जिन्यापासूनच परत गेल्या. पोरं म्हणाली, "सर, आम्ही उचलून आणतो." त्यांनी नको म्हटलं. बरोबरच आहे, धंदा शिकायला आलेल्या माणसाने पोत्यासारखं वर का यायचं? ज्याला स्वतःची अडचण सांगायला इतकी वर्षं लागली, त्याला दुसऱ्याची दिसू नये?

तुमच्या दुकानाची पायरी मोजा. रॅम्पला एक इंच उंचीमागे एक फूट लांबी लागते, म्हणजे सहा इंचाच्या पायरीला सहा फूट. उभी घसरगुंडी करून ठेवू नका, त्यावरून कोणी चढत नाही. गुडघेदुखीवाले आजोबा आणि बाबागाडीवाली आई पण याच रॅम्पवरून येतात, हे गल्ल्यावर बसणाऱ्याला वेगळं सांगायला नको.

आणि तुम्ही स्वतः दिव्यांग असाल तर पीएमईजीपीमध्ये विशेष प्रवर्गात अर्ज करा. स्वतःचा हिस्सा 10 ऐवजी 5 टक्के, अनुदान शहरात 25 आणि ग्रामीण भागात 35 टक्के. बरेच जण संकोचाने जनरलमध्ये भरतात. कशाला?

पुढची बॅच तळमजल्यावर आहे. फॉर्ममध्ये एक प्रश्न वाढवलाय, "यायला, बसायला, ऐकायला, वाचायला काय सोय लागेल?" फी परत पाठवली आणि त्या ताईंना दोनदा फोन केला. अजून उचललेला नाही.