पेरू की पपई?

इस्पितळात आजाऱ्याला भेटायला जाताना आपली माणसे काय घेऊन जातात? सफरचंद. दिवसाच्या मजुरीला कात्री लावून आणलेली चार सफरचंदे उशाशी ठेवली, की आपले कर्तव्य पार पडले असे वाटते. फाटकाबाहेर पाटी घेऊन बसलेल्या पेरूवालीकडे किंवा हातगाडीवरच्या पपईकडे कोणी वळूनही पाहत नाही. स्वस्त आहे म्हणजे हलके असणार, ही समजूत आपल्या ताटातही शिरली आहे. प्रत्यक्षात १०० ग्रॅम सफरचंदात 'क' जीवनसत्त्व जेमतेम ५ मिलिग्रॅम असते आणि तेवढ्याच पेरूत २०० मिलिग्रॅमहून अधिक! तेव्हा सफरचंदाला आज येथेच रजा देऊन आम्ही पेरू आणि पपई या दोघांचाच विचार करणार आहोत. रोजच्या कमाईवर चालणाऱ्या घरात फळासाठी थोडेच पैसे उरतात. ते कुठे घालावेत, हा प्रश्न लहान नाही.

ही दोन्ही फळे मूळची आपली नव्हेत. दोन्ही अमेरिका खंडाच्या उष्ण भागातून पोर्तुगीजांच्या काळात इकडे आली आणि येथलीच होऊन गेली. आज राहात्याचा पेरू आणि नंदुरबार-जळगावकडची पपई साऱ्या महाराष्ट्राच्या बाजारात दिसते. बाजारात 'सरदार' नावाने मिळणारा पेरू तर पुण्याच्या गणेशखिंडीतल्या फळ संशोधन केंद्रातच निवडला गेला. पपईला तेवढेही लाड लागत नाहीत. चाळीच्या नळाजवळ कोणी बी टाकले तरी झाड उभे राहते. ते नर निघाले तर मात्र वर्षभर नुसती फुलेच पाहत बसायचे!

आता मुद्द्याचे बोलू. 'क' जीवनसत्त्वात पेरू पपईच्या कितीतरी पुढे आहे. १०० ग्रॅम पपईत ते साधारण ४० ते ६० मिलिग्रॅम असते. स्त्रीला दिवसाला ६५ आणि पुरुषाला ८० मिलिग्रॅम पुरते, असे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २०२० साली ठरवून दिले आहे. म्हणजे मध्यम आकाराच्या एका पेरूत दिवसाची गरज भागून वर उरते. चोथाही पेरूत पपईच्या तिप्पट असतो. पपईची बाजू 'अ' जीवनसत्त्वाची. तिचा केशरी रंग ज्या द्रव्यामुळे येतो, त्यापासूनच आपले शरीर 'अ' जीवनसत्त्व तयार करते. डोळ्यांना आणि मुलांच्या वाढीला ते लागते. पांढऱ्या गराच्या पेरूत ते नसल्यासारखेच.

पण आमच्या मते या दोघांतली निवड आकड्यांवर करायची नसून घरात कोणाला काय कमी पडते, यावर करायची आहे. आपल्या घरांत सर्वांत अधिक कमी पडते ते रक्त. २०१९ ते २१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या १०० पैकी ५७ स्त्रियांच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी आढळले. महाराष्ट्रातही शंभरातल्या निम्म्याहून अधिक स्त्रिया त्यात आहेत. जिना चढताना धाप लागते, डोळ्यांपुढे अंधारी येते, मुलीचे अभ्यासात लक्ष लागत नाही, आणि आपण म्हणतो, "कामाचा थकवा असेल!"

यावर कोणी सांगेल, पेरू खा, रक्त वाढेल. सरळ अर्थाने हे खरे नाही. पेरूतही लोह फारसे नाही आणि पपईतही नाही. लोह आहे ते आपल्या बाजरीच्या भाकरीत, मेथी-चवळईच्या पालेभाजीत, डाळीत आणि मटकीत. अडचण अशी, की धान्य-भाजीतले लोह शरीरात सहज शोषले जात नाही. त्यातला थोडासाच भाग रक्तात उतरतो, बाकीचा तसाच बाहेर पडतो. त्याच जेवणात 'क' जीवनसत्त्व असले तर ते पोटात या लोहाचे रूप पालटते आणि मग आतडे ते अधिक प्रमाणात घेते. पेरूचे खरे मोल हे आहे. भाकरी तीच, भाजी तीच, पण सोबत पेरूच्या चार फोडी असल्या की त्याच भाकरीतून शरीराला अधिक मिळते.

म्हणून पेरू जेवणाबरोबर किंवा जेवण होताच खावा. संध्याकाळी येता-जाता खाल्ला तर 'क' मिळेल, परंतु दुपारच्या भाकरीतले लोह तोवर निघून गेलेले असते. पेरू सालीसकट खावा, कारण 'क' जीवनसत्त्व साल आणि तिच्या लगतच्या गरात अधिक असते. शिजवला तर त्यातले बरेचसे उष्णतेने नष्ट होते. तेव्हा भाजीपेक्षा कोशिंबीर बरी. पेरूचे दिवस नसतील तेव्हा जेवणावर लिंबू पिळावे. आणि जेवल्याबरोबर चहा? तो चहा भाकरीतले लोह अडवून धरतो. जेवण आणि चहा यांत तासाभराचे अंतर ठेवावे. सकाळची चहा-चपाती एकदम सुटणार नाही, हे आम्ही जाणतो. निदान दोन्ही वेळच्या जेवणावर तरी चहा नको.

एक गोष्ट मात्र स्पष्ट लिहितो. ज्यांच्या रक्तात हिमोग्लोबिन फारच कमी आहे, त्यांचे काम फळाने भागत नाही. गरोदर स्त्रीला सरकारी आरोग्य केंद्रात लोहाच्या गोळ्या मोफत मिळतात. रोज एक याप्रमाणे १८० दिवस आणि बाळंतपणानंतर पुन्हा तेवढेच दिवस त्या घ्यायच्या असतात. त्या डब्यात पडून राहू देऊ नयेत. गोळी चहाबरोबर किंवा दुधाबरोबर घेऊ नये. पेरूच्या फोडीबरोबर घ्यावी.

आणखी एक विचारावेसे वाटते. घरात अर्धा किलो पेरू आले तर ते कोणाच्या वाट्याला येतात? आधी मुलगे, मग घरधनी, मग आजी-आजोबा. बाई सर्वांचे झाल्यावर जेवायला बसते, तेव्हा परातीत देठ आणि बिया उरलेल्या असतात. गरज ज्यांना सर्वांत अधिक, त्या आई, सून आणि वयात आलेली मुलगी यांचा वाटा आधी काढून ठेवावा. हे पुरुष वाचकांनीही वाचावे, एवढ्यासाठी येथे लिहीत आहोत.

पपई आम्ही टाकाऊ ठरवतो आहोत असे नव्हे. दात गेलेल्या आजीला पेरू चावत नाही, तिला पिकलेली पपई द्यावी. नुकतेच वरचे अन्न खाऊ लागलेल्या बाळालाही ती कुस्करून देता येते. पपईत पाण्याचा अंश जास्त, म्हणून पोट भरूनही ती वजन वाढवत नाही. मटण लवकर शिजावे म्हणून आपल्या बायका त्यात कच्च्या पपईचा तुकडा टाकतात. कच्च्या फळाच्या चिकात मांसातली प्रथिने तोडणारे द्रव्य असते, म्हणून ती युक्ती साधते. गरोदरपणी पपई नको असे सांगतात, त्याचे मूळही याच चिकात आहे. सिंगापूरच्या संशोधकांनी २००२ साली उंदरांवर तपासणी केली. कच्च्या पपईच्या चिकाने गर्भाशय आकुंचन पावताना दिसले, पूर्ण पिकलेल्या फळाच्या रसाने तसे झाले नाही. तेव्हा गरोदर भगिनींनी कच्ची व अर्धकच्ची पपई टाळावीच. पूर्ण पिकलेली थोडी खाण्याबद्दल आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरीणबाईंना विचारून घ्यावे. एवढ्यावरून शेजारणीला घाबरवून सोडण्याचे कारण नाही.

पेरूबद्दलही भीती कमी नाही. बियांनी मुतखडा होतो म्हणतात. बी जाते आतड्यात आणि खडा होतो मूत्रपिंडात, लघवीतल्या क्षारांपासून. बी तेथे पोहोचणारच कशी? ती पचत नाही, शौचावाटे निघून जाते. सर्दीही पेरूने होत नाही, ती विषाणूंमुळे होते. कच्चा, तुरट पेरू भरपूर खाल्ला तर मात्र पोट कुरकुरते. तो पिकल्यावरच खावा.

स्टेशनबाहेर कापून ठेवलेल्या पपईच्या फोडी, त्यांवरच्या माश्या आणि वर शिंपडलेले पाणी पाहिले की आमचा हात मागे येतो. अख्खे फळ घ्यावे, घरी धुवावे, मग कापावे. तिखट-मीठ लावलेला पेरू चवीला न्यारा, पण ज्यांना रक्तदाब आहे त्यांनी मीठ वगळावे. मधुमेहाच्या रुग्णाला चोथा अधिक असल्यामुळे पपईपेक्षा पेरू बरा, तोही एका वेळी एक आणि रस न काढता. मूत्रपिंडाच्या विकाराने ज्यांना पोटॅशियम कमी करायला सांगितले आहे, त्यांनी पेरू डॉक्टरांना विचारल्याशिवाय खाऊ नये. पपईत ते पेरूच्या निम्म्याहून कमी असते, पण प्रमाण त्यांनी तिचेही विचारून घ्यावे.