विकायचं थांबवलंत, तर कुलूपही काढा

14 ऑक्टोबर 2025 ला विंडोज 10 चा नेहमीचा सपोर्ट संपला. तेव्हापासून दुकानात येणारा प्रत्येक जण एकच विचारतो: मशीन बदलावं लागेल का? अपडेट, व्हायरस, बँकेची कामं यांची काळजी वाटणं बरोबरच आहे. पण त्या तारखेला आणखी एक दार बंद झालं आणि त्याबद्दल कोणी विचारत नाही. डॉसच्या आणि विंडोज 3.1 च्या जमान्यातले 16 बिटचे प्रोग्राम स्वतःहून चालवू शकणारी शेवटची घरगुती विंडोज म्हणजे 32 बिटची विंडोज 10. विंडोज 11 फक्त 64 बिटमध्ये येते. तिच्यावर डॉसचा ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ डबल क्लिक केला, तर हे ॲप तुमच्या पीसीवर चालणार नाही, एवढी एक ओळ येते आणि विषय संपतो.

सांगलीत माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. फॉरमॅट मारणं, रॅम वाढवणं, उडालेल्या हार्ड डिस्कमधून लग्नाचे फोटो काढून देणं हा रोजचा धंदा. पण अधूनमधून कोणीतरी पिशवीतून जुनी सीडी काढतं आणि म्हणतं, “ताई, एवढी चालवून द्या.” बहुतेक जण चाळिशीच्या आसपासचे. शाळेच्या लॅबमध्ये ‘डेव्ह’ खेळलेले, सायबर कॅफेत ‘रोड रॅश’साठी नंबर लावलेले. आता त्यांना आपल्या पोरांना तो खेळ दाखवायचा असतो. हे काम मी मनापासून करते. ते करता करताच माझं एक मत पक्कं झालं आहे. ज्या कंपनीने गेम विकायचं थांबवलं, तिने त्यावरचं कुलूप काढून दिलं पाहिजे, आणि तो गेम जपणाऱ्याच्या पाठीशी आपल्या कायद्याने उभं राहिलं पाहिजे.

गेम जुना झाला म्हणून बिघडत नाही. सीडीवर ओरखडे नसतील तर त्यातला एक आकडाही बदललेला नसतो. बदलतं ते त्याच्या भोवतीचं सगळं. डॉसच्या काळातला गेम थेट साउंड कार्डाशी बोलायचा. साउंड ब्लास्टर अमुक पत्त्यावर, अमुक इंटरप्टवर आहे असं धरूनच चालायचा. काही गेम वेळसुद्धा प्रोसेसरच्या वेगावर मोजायचे, म्हणून जुन्या कॅबिनेटवर ‘टर्बो’ नावाचं बटण असायचं, वेग कमी करायला. प्रोसेसर 64 बिटच्या मोडमध्ये गेला की डॉसचे प्रोग्राम ज्या जुन्या मोडवर विसंबून होते, तो विंडोजला वापरता येत नाही. त्यामुळे गिऱ्हाइकाला वाटतं सीडी खराब आहे, आणि सीडी तर ठणठणीत असते. याहून जास्त घोळ 1990 च्या दशकाच्या मध्यातल्या गेमचा होतो. त्यातले कितीतरी स्वतः 32 बिटचे, आजही चालू शकतील असे; पण त्यांचा सेटअप 16 बिटचा. म्हणजे खेळ शाबूत आणि दारच उघडत नाही.

‘एज ऑफ एम्पायर्स’चं बघा. विंडोज 7 आली तेव्हा तो चालू व्हायचा, पण गवत जांभळं आणि पाणी लाल दिसायचं. हा गेम एका वेळी 256 रंगांत चित्र काढतो आणि कोणत्या क्रमांकावर कोणता रंग, याची यादी स्वतः ठरवतो. मागे चालणारा विंडोज एक्सप्लोरर, म्हणजे डेस्कटॉप आणि टास्कबार दाखवणारा प्रोग्राम, त्या यादीत आपले रंग घुसवायचा. उपाय काय, तर गेम सुरू करण्याआधी एक्सप्लोररच बंद करायचा आणि खेळून झालं की परत चालू करायचा. आम्ही त्यासाठी चार ओळींची बॅच फाइल करून डेस्कटॉपवर ठेवून द्यायचो. हा तोडगा कोणत्याही कंपनीने सांगितलेला नव्हता. जगात कुठेतरी बसलेल्या खेळणाऱ्यांनी तो शोधला आणि एकमेकांना सांगितला.

एके काळी हे काम मायक्रोसॉफ्ट स्वतः करत असे, हे मात्र मान्य केलं पाहिजे. सॉफ्टवेअरबद्दल लिहिणारे प्रोग्रामर जोएल स्पोल्स्की यांनी 2004 मध्ये एक हकिगत लिहून ठेवली आहे. ‘सिमसिटी’मध्ये एक चूक होती: सोडून दिलेली मेमरी तो गेम लगेच पुन्हा वाचायला जायचा. जुन्या व्यवस्थेत ती चूक खपून गेली, विंडोज 95 मध्ये गेम कोसळला असता. तेव्हा विंडोजच्या माणसांनी गेमची चिरफाड करून कारण शोधलं आणि ‘सिमसिटी’ चालू असेल तर मेमरी जरा वेगळ्या पद्धतीने वाटायची, अशी सोय थेट विंडोजमध्येच घातली. चूक दुसऱ्याची, तरी गिऱ्हाइकाचा गेम बंद पडू नये म्हणून केलेली ही मेहनत. मला या वृत्तीबद्दल फार आदर आहे. पुढे तीही आटली. विंडोजबरोबर येणारा ‘स्पेस कॅडेट’ पिनबॉल 64 बिटवर नेताना चेंडू टेबलातून आरपार जायला लागला. दुसऱ्या कंपनीने लिहिलेल्या त्या कोडमधला दोष सापडेना, तेव्हा मायक्रोसॉफ्टच्या रेमंड चेन यांनी सांगितल्याप्रमाणे तो गेमच काढून टाकला गेला. नंतर बाहेरच्या हौशी प्रोग्रामरांनी तयार फाइलवरून उलट वाटेने कोड उभा केला, आणि आज तो पिनबॉल पुन्हा चालतो.

तांत्रिक अडचणी निस्तरता येतात. त्रास कुलपाचा आहे. 2000 च्या सुमारास पुष्कळ गेमच्या सीडीवर सेफडिस्कसारखं संरक्षण असायचं. सीडीवर मुद्दाम काही जागा अशा केलेल्या असायच्या की साध्या कॉपीत त्या उतरत नाहीत. गेम सुरू होताना विंडोजच्या अगदी आतल्या थरात बसलेला एक ड्रायव्हर त्या जागा तपासायचा. तो ड्रायव्हर असुरक्षित म्हणून 2015 मध्ये विंडोज 10 ने त्याला घेतलंच नाही, आणि त्याच वर्षी सप्टेंबरच्या अपडेटने जुन्या विंडोजवरही तो बंद केला. सुरक्षेसाठी हे योग्यच होतं. पण परिणाम काय झाला? ‘द सिम्स’ची किंवा ‘नीड फॉर स्पीड’च्या त्या काळातल्या काही भागांची खरी सीडी पैसे मोजून ज्याने घेतली, त्याचा गेम अडला. ज्याने कुलूप फोडलेली प्रत गुपचूप उतरवून घेतली, त्याचा चालतो. सचोटीने वागणाऱ्या माणसाला मी काउंटरवर बसून हे समजावते, तेव्हा मला राग येतो. ते कुलूप काढणारी छोटीशी फाइल देणं कंपनीला जड नव्हतं.

कुलूप काढलं की काय होतं, याचे दाखले आहेत. इड सॉफ्टवेअरने डिसेंबर 1997 मध्ये ‘डूम’चा सोर्स कोड खुला केला आणि त्यानंतर ‘डूम’ न चालणारी व्यवस्था शोधावी लागते. ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ 1989 मध्ये ॲपल टू वर आला. त्यातलं धावणं-उडी मारणं इतकं जिवंत वाटतं, कारण तो बनवणाऱ्या जॉर्डन मेकनर यांनी आपल्या धाकट्या भावाला पळायला लावून त्याचं चित्रण केलं होतं आणि त्यावरून एकेक चौकट काढली होती. मूळ कोडच्या फ्लॉपी हरवल्या असंच ते धरून होते. 2012 मध्ये त्यांच्या वडिलांना त्या सापडल्या. जुन्या डिस्क वाचणाऱ्या जाणकारांच्या मदतीने त्यातला कोड काढून मेकनर यांनी तो कोणालाही वाचता येईल असा जाहीर ठेवला. आणि पोलंडमधलं गॉग हे ऑनलाइन दुकान 2008 पासून जुने गेम डॉसबॉक्ससकट, कुलपाशिवाय विकत आलं आहे. तेव्हा जुन्या गेमना गिऱ्हाईक नाही, हे कारणही टिकत नाही.

डॉसबॉक्स हे नाव घेतलं, तर त्याला नमस्कार करूनच पुढे जायला हवं. 2002 पासून स्वयंसेवकांनी उभा केलेला हा प्रोग्राम आजच्या मशीनच्या पोटात एक अख्खं जुनं मशीन तयार करतो, साउंड ब्लास्टरसकट. गेम भरधाव पळायला लागला तर कंट्रोल आणि एफ11 दाबून वेग खाली आणता येतो. चित्र 320 बाय 200 चं असतं, पण ते त्या काळच्या चौकोनी मॉनिटरसाठी काढलेलं. सेटिंगमध्ये ‘अ‍ॅस्पेक्ट’ चालू केलं नाही तर राजपुत्र बुटका दिसतो. मी गिऱ्हाइकाला ते आवर्जून करून देते. रंग, वेग, आवाज, उंची सगळं मुळाबरहुकूम असलं पाहिजे, नुसतं चालतंय एवढ्यावर मी समाधान मानत नाही.

पण ‘प्रिन्स’ला जगभर चाहते आहेत. आपल्या मराठी सीडींना कोण आहे? मिरजेच्या एक निवृत्त शिक्षिका मुलांसाठीची एक सीडी घेऊन आल्या: बाराखडीचे खेळ, अक्षरं जुळवायची, प्राणी ओळखायचे. त्यांनी ती वर्गात बरीच वर्षं वापरली होती. सेटअप 16 बिटचा. आतला खेळ 640 बाय 480 आणि 256 रंग मागणारा. युनिकोडच्या आधीचा फॉन्ट, त्यामुळे तो जागेवर नसेल तर ‘कमळ’च्या जागी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा चिवडा. व्हर्च्युअल मशीनमध्ये विंडोज 98 टाकून, फॉन्ट हाताने बसवून ती चालू केली. बाई खुर्ची ओढून बसल्या आणि त्यांनी सगळी अक्षरं जुळवली. कव्हरवर छापलेला प्रकाशकाचा फोन आता लागत नाही. या सीडीसाठी फिनलंडमधला किंवा अमेरिकेतला कोणी स्वयंसेवक रात्री जागवणार नाही. ते आपणच करायचं आहे, आणि आधीच उशीर झाला आहे. 2019 च्या पुरात सांगलीतले हरभट रोड, मारुती रोड पाण्याखाली गेले तेव्हा चिखलातून जे बाहेर काढलं, त्यात अशा सीडी किती होत्या हे कोणी पाहिलंसुद्धा नाही.

आता कायदा. आपल्या 1957 च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम 52 नुसार, कायदेशीर प्रत जवळ असलेल्याला प्रोग्राम त्याच्या मूळ कामासाठी वापरता यावा म्हणून त्याची प्रत काढायला किंवा त्यात फेरफार करायला मुभा आहे. चांगली तरतूद आहे. 2012 च्या दुरुस्तीने आलेलं कलम 65अ संरक्षण तोडणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद सांगतं, पण हक्कभंगाचा हेतू असेल तरच. म्हणजे घरच्या माणसाला थोडा आधार आहे. वाचनालयाला तेवढाही नाही. जतनासाठी इलेक्ट्रॉनिक प्रत ठेवायची सवलत ना-नफा सार्वजनिक वाचनालयांना मिळते ती एका अटीवर: त्या कृतीची बिगर-डिजिटल प्रत त्यांच्याकडे आधीपासून असली पाहिजे. पुस्तकाला हे लागू पडतं. जन्मतःच डिजिटल असलेली सीडी या सवलतीच्या बाहेरच राहते. 1954 च्या कायद्याने प्रत्येक प्रकाशित पुस्तक मुंबईच्या सेंट्रल लायब्ररीत जमा व्हावं लागतं; सीडीवरच्या गेमला असं कुठेच जावं लागलं नाही.

गेम म्हणजे करमणूक, त्यासाठी कायदा कशाला बदलायचा, असं मला सांगितलं जातं. सिनेमाबद्दलही हेच म्हणत होते. पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय 1964 मध्ये सुरू झालं, तोवर ‘आलम आरा’ला तेहतीस वर्षं होऊन गेली होती, आणि त्या पहिल्या बोलपटाची प्रत आज आपल्याकडे नाही. अमेरिकेतल्या व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने 2023 मध्ये पाहणी केली, तेव्हा 2010 च्या आधी तिथे आलेल्या गेमपैकी 87 टक्के बाजारात मिळतच नाहीत असं दिसलं. आपल्याकडे तर अशी यादीसुद्धा नाही. फुकट्यांचं फावेल ही भीती मी समजू शकते, कारण चोरीच्या सीडींनी कोणाचं पोट मारलं जातं हे मला धंद्यातून माहीत आहे. पण जी वस्तू मालक विकतच नाही, तिच्या जतनाने त्याचा कोणता धंदा बुडतो?

म्हणून मागणी साधी आहे. कलम 52 मधली बिगर-डिजिटल प्रतीची अट सॉफ्टवेअरसाठी काढा. सार्वजनिक वाचनालयाला कुलूप तोडायची स्पष्ट परवानगी द्या. मराठी सीडी काढलेल्या प्रकाशकांनी मूळ फाइली आणि फॉन्ट एखाद्या विद्यापीठाच्या ग्रंथालयात देऊन टाकावेत. आणि ज्यांच्या कपाटात अशी सीडी आहे त्यांनी सीडी ड्राइव्ह मिळतोय तोवर तिची आयएसओ इमेज काढावी, दोन ठिकाणी ठेवावी. सोबतचं पुस्तक फेकू नये, त्याच्या पानांचे फोटो काढून इमेजसोबतच ठेवावेत; ‘प्रिन्स’सह कितीतरी गेम मध्येच थांबून त्या पुस्तकातल्या अमुक पानावरच्या अमुक शब्दाचं पहिलं अक्षर विचारतात.