हसरे चेहरे आणि सरकारी अनुमाने

रिझर्व्ह बँकेच्या ग्राहक-विश्वास सर्वेक्षणात एक विसंगती वर्षानुवर्षे दिसते. आजची स्थिती कशी आहे, असे विचारले की शहरी कुटुंबे कुरकुरतात. वर्षभराने कशी असेल, असे विचारताच त्यांचा सूर बदलतो. करोनाच्या दुसऱ्या लाटेत, मे २०२१ मध्ये, सद्यस्थितीचा निर्देशांक ४८.५ या तोवरच्या नीचांकावर आला. या मापनात शंभराखालचा आकडा निराशा दर्शवतो. त्याच महिन्यात भविष्याविषयीचा निर्देशांक ९६.४ होता, तोही शंभराखालीच, पण वर्तमानाच्या जवळजवळ दुप्पट.

वाराणसीच्या संकठा घाटावर बसलो असता मला हे आकडे आठवले. संकटातून तारणाऱ्या देवीच्या नावाचा हा घाट. दक्षिणेला शिंदे घाट, त्यापलीकडे मणिकर्णिकेच्या चिता. उत्तरेला थोड्याच अंतरावर नागपूरकर भोसल्यांचा घाट. पायऱ्यांवर नावाडी होते, फुले विकणाऱ्या बाया होत्या, विणकामावर पोट असलेलेही काही जण होते. धंदा बसल्याची तक्रार आणि तिच्यावरची कोटी एकाच दमात ऐकू येत होती. बनारसी माणूस याला ‘मस्ती’ म्हणतो आणि तिचा त्याला अभिमान आहे.

ही मस्ती पर्यटन खात्याने निर्माण केलेली नाही. नीता कुमार यांनी १९८८ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात बनारसच्या विणकरांच्या, धातुकाम व लाकूडकाम करणाऱ्या कारागिरांच्या फुरसतीचा अभ्यास मांडला. आखाडा, जत्रा, गाणे आणि शहराबाहेर नदीकाठी घालवलेला दिवस, म्हणजेच ‘बहरी अलंग’, हे सारे त्यात आहे. या आनंदाला पैसा थोडा लागे. मात्र स्वतःच्या ताब्यातला वेळ आणि कुणी उठवणार नाही अशी जागा अनिवार्य होती.

आपले धोरणकर्ते नेमके इथेच चुकतात, असे माझे मत आहे. जागतिक आनंद अहवालात २०२४ साली भारत १४३ देशांत १२६वा आला, तेव्हा ‘आमची माणसे तर हसतात’ असा युक्तिवाद झाला. पण ती क्रमवारी हसण्याची नाहीच. शून्य ते दहा पायऱ्यांच्या शिडीवर आपले आयुष्य कुठे आहे, एवढेच त्यात विचारतात. चौथ्या पायरीवरचा माणूस दिवसभर थट्टा करू शकतो. अमर्त्य सेन यांनी फार पूर्वी बजावले आहे, की दीर्घकाळ वंचित राहिलेला माणूस आपल्या अपेक्षाच आवरत्या घेतो. म्हणून त्याच्या समाधानावरून त्याची स्थिती मोजू नये. सेन यांचे म्हणणे मला मान्य आहे. तरीही घाटावरचे सगळे हसू ही केवळ तडजोड, असे म्हणणे मला उद्धटपणाचे वाटते. तिथल्या माणसांना आपल्या हलाखीचा हिशेब आपल्यापेक्षा चोख ठाऊक असतो.

तसे नसते तर २०२० साली उत्तर प्रदेशातील विणकर संपावर गेलेच नसते. यंत्रमागांना २००६ पासून ठरावीक दराने मिळणारी वीज मीटरनुसार आकारण्याचा निर्णय झाला होता. वरवर तो अनुदानाच्या शिस्तीचा प्रश्न. प्रत्यक्षात बिल वाढले की माग अधिक तास चालवावा लागतो आणि संध्याकाळ जाते. ही गमावलेली संध्याकाळ कोणत्याही अर्थसंकल्पात खर्चाच्या बाजूला लिहिली जात नाही.

जागेचेही तसेच. पथविक्रेत्यांसाठी २०१४ साली केंद्राने कायदा केला. फेरीवाल्यांचे सर्वेक्षण पूर्ण होऊन प्रमाणपत्रे मिळेपर्यंत कुणालाही हटवू नये, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. सुशोभीकरणाच्या उत्साहात नगरपालिका हे कलम सोयीने विसरतात, मग ते शहर काशी असो वा पुणे. नदीकाठच्या प्रत्येक प्रकल्पाच्या आराखड्यात पार्किंगच्या जागा अचूक मोजलेल्या असतात. तिथे आज फुकट बसणारे किती आणि चार पैसे कमावणारे किती, याची मोजणीही निविदा काढण्यापूर्वी बंधनकारक करावी. एका संध्याकाळी दोन कारकुनांना सहज होण्यासारखे हे काम आहे.