चिखल हा गैरवापर नाही, तोच आमचा वापर आहे



आज पिकाची नोंद नाही. आज ट्रॅक्टरची नोंद आहे, अन् ती जरा कडू आहे.

मागच्या आषाढातली गोष्ट. फुलचूरच्या शिवारात रोवणी ऐन भरात. माझं ट्रॅक्टर दुसऱ्याच हंगामातलं, मीटरवर ६४० तास. चिखल करता करता उजव्या बाजूने ब्रेक लागेनासा झाला, अन् हायड्रॉलिक उचलताना कण्हायला लागलं. डीपस्टिक काढून पाहिली तं ऑईल दूध घातलेल्या चहासारखं. ज्यांनी हे पाहिलं आहे त्यांना पुढचं सांगायची गरज नाही. पाणी आत शिरलं होतं.

वर्कशॉपात नेलं. खोललं. मागच्या एक्सलचं ऑईल सील गेलेलं, त्यातून चिखल-पाणी हाउसिंगमध्ये, तिथून ब्रेकच्या प्लेटांत अन् गिअरच्या ऑईलात. काउंटरवरच्या पोराने जॉबकार्डावर एक ओळ लिहिली: "गैरवापर. वॉरंटीत बसत नाही."

मी म्हटलं, "काहून बाप्पा? काय गैर केलं मी?"

तो म्हणे, "भाऊ, तुम्ही केजव्हील लावून पाण्यात चालवलं ना?"

"मग धान काय डांबरावर रोवू?"

पोरगा हसला. त्याचा दोष नाही, त्याला जे शिकवलं तेच तो लिहितो. पण त्याच्या मागच्या भिंतीवर कंपनीचा मोठा फोटो होता. त्यात तेच मॉडेल गुडघाभर चिखलात, केजव्हील लावलेलं, पाण्याचे फवारे उडवत निघालेलं, अन् खाली चिखलणीचा राजा का काय ते लिहिलेलं. म्हणजे विकताना चिखल ही ताकद, अन् बिघडल्यावर तोच चिखल गैरवापर. हे मला पटत नाही. कोणाला पटत असेल तं त्याने मला समजावून सांगावं.

बिल झालं एकतीस हजार चारशे. त्यात सील काही शेकड्यांचं. बाकी बेअरिंग, ब्रेकच्या प्लेटा, चाळीसेक लिटर नवीन ऑईल अन् मजुरी. पण बिलाचं दुःख मोठं नाही. ट्रॅक्टर नऊ दिवस उभं राहिलं, ते दुःख मोठं आहे. एकवीस-पंचवीस दिवसांचे पऱ्हे रोवायचे, ते पस्तिशीच्या पुढे गेले. म्हातारे पऱ्हे रोवले की फुटवे कमी येतात, हे इथल्या लहान पोरालाही माहीत आहे. भाड्याचं ट्रॅक्टर शोधलं तं सगळ्यांची रोवणी एकाच वेळी, कोण देईल? शेवटच्या दोन बांध्या मी अशाच उशिरा रोवल्या. मळणीच्या वेळी त्या बांध्यांच्या पोत्यांचा फरक डोळ्यांना दिसला. तो फरक कोणत्याच वॉरंटी कार्डात लिहिलेला नसतो.

आता तांत्रिक बोलतो, कारण नुसतं ओरडून काही होत नाही.

कापसाच्या वा सोयाबीनच्या पट्ट्यात ट्रॅक्टरचा शत्रू धूळ आहे. आपल्या गोंदिया-भंडाऱ्यात शत्रू आहे पाणी अन् बारीक गाळ. कन्हार जमिनीचा चिखल लोण्यासारखा असतो. तो फिरत्या एक्सलभोवती बसतो, सीलच्या ओठाखाली शिरतो, अन् पॉलिश पेपरसारखा एक्सल अन् सील दोन्ही घासतो. एकदा वाट झाली की पाणी आत. बहुतेक ट्रॅक्टरांत गिअर अन् हायड्रॉलिकचं ऑईल एकच असतं, त्यामुळे एका सीलचा बिघाड थेट हायड्रॉलिकच्या पंपापर्यंत जातो. माझं हायड्रॉलिक कण्हत होतं ते याच्यामुळेच.

कंपनीच्या बाजूनेही एक खरी गोष्ट आहे, ती लपवत नाही. टायरच्या बाहेर अर्धं केजव्हील जोडलं की भार हाउसिंगपासून दूर जातो. लांब दांडीच्या पान्ह्याने नट जसा जोरात पिळला जातो, तसा एक्सल अन् बेअरिंग पिळले जातात. आपल्याकडे काही जण गावच्या वेल्डिंगवाल्याकडून मापाबाहेर रुंद केजव्हील बनवून घेतात. तिथे एक्सल मोडला तं कंपनीला शिव्या देण्यात अर्थ नाही.

आपल्या चुका आणखीही आहेत. संध्याकाळी ट्रॅक्टर चिखलासकट उभं करतो, रात्रीत चिखल वाळतो, सकाळी तोच वाळलेला चिखल सील कापतो. क्लच हाउसिंगच्या खालचा प्लग चिखलणीआधी बंद करायचा अन् नंतर उघडून पाणी काढायचं, हे किती जण करतात? रेडिएटरच्या जाळीतला गाळ आपण इंजिन गरम झाल्यावर पाहतो. पुढच्या हबचं ग्रीस हंगाम संपल्यावर आठवतं. हे सगळं मान्य.

पण माझं केजव्हील मापातलं होतं. ग्रीस केलेलं होतं. ट्रॅक्टर रोज धुतलेलं होतं. तरी गैरवापर कसा?

माझं म्हणणं एवढंच आहे: जो वापर कंपनीला विकायच्या आधीपासून माहीत आहे, ज्याच्या फोटोवर ती विकते, जो या जिल्ह्यात दरवर्षी जवळपास प्रत्येक ट्रॅक्टर करतो, त्याला गैरवापर म्हणता येत नाही. त्या वापरात यंत्र टिकत नसेल तं डिझाईन अपुरी आहे, असं सरळ म्हणायला पाहिजे.

अन् हे जमत नाही असंही नाही. जपानमध्ये धानाच्या पाण्याच्या शेतीसाठी हलके, चारही चाकांनी ओढणारे ट्रॅक्टर कित्येक दशकांपासून बनतात. त्यात पुढच्या चाकांपर्यंत ताकद नेणारे गिअर ऑईलात बंद असतात, कारण बनवणाऱ्याने यंत्र पाण्यात जाणार हे आधीच धरलेलं असतं. आपल्याकडचं पन्नासेक एचपीचं दोन टनांच्या आसपासचं ट्रॅक्टर मुख्यतः कोरडी नांगरट अन् ट्रॉली ओढायला पाहून घेतलं जातं. मग तेच चिखलात उतरतं. जड ट्रॅक्टर खोल रुततं, खालचा थर दाबून दगड करतं. धानासाठी पाणी थांबवायला थोडा दाबलेला थर लागतो हे खरं, पण तो फार घट्ट अन् जाड झाला की मागून येणाऱ्या हरभऱ्याची मुळी तिथेच वळते. लाखोळी-जवसही तसेच मार खातात.

रुतण्यावरून एक गोष्ट जिवाची आहे. ट्रॅक्टर फसलं की आपण काय करतो? मागच्या चाकांना आडवं लाकूड बांधतो अन् पहिल्या गिअरमध्ये रेस देतो. चाक फिरायला जागा नसली की इंजिनाची ताकद ट्रॅक्टरचं तोंडच वर उचलते, अन् ते मागे उलटतं. उडी मारायला वेळ मिळत नाही. रिव्हर्समध्ये काढा, नाही निघालं तं दुसऱ्या ट्रॅक्टरने ओढून घ्या, पण लाकूड बांधू नका. स्वीडनने १९५९ साली नव्या ट्रॅक्टरला चालकाला वाचवणारी लोखंडी चौकट सक्तीची केली. आपल्याकडे बहुतेक ट्रॅक्टरांवर उन्हापासून वाचवणारं छत असतं, उलटल्यावर वाचवणारी चौकट नसते. छतावर स्पीकर लावायला जागा ठेवतात, एवढं मात्र खरं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. मध्य प्रदेशात नर्मदेच्या काठावर बुदनी नावाचं गाव आहे. तिथे केंद्र सरकारची शेती यंत्रं तपासणारी संस्था १९५५ पासून आहे. ट्रॅक्टरला अनुदान मिळायचं असेल तं अशा संस्थेचा चाचणी अहवाल लागतो. त्या अहवालात पीटीओची ताकद अन् डिझेलचा खप एवढंच नसतं. ओल्या जमिनीत चिखलणीची चाचणी असते, अन् नंतर क्लच हाउसिंग, ब्रेक हाउसिंग, पुढचे हब खोलून चिखल-पाणी शिरलं का ते लिहिलेलं असतं. हे अहवाल संस्थेच्या संकेतस्थळावर पाहायला मिळतात.

म्हणजे सरकारच ट्रॅक्टर चिखलात घालून तपासतं. सरकार जो वापर तपासतं, तोच वापर वर्कशॉपात गैरवापर कसा होतो?

मी ट्रॅक्टर घेताना हा अहवाल वाचला नव्हता. मी पाहिलं होतं हप्ता किती, ट्रॉलीत किती पोती ओढतं अन् साल्याकडे कोणतं आहे. चूक माझी. तुम्ही करू नका. डीलरकडे मॉडेलचं नाव सांगून अहवाल मागा, चिखलणीचं पान उघडा, किती तास चालवलं अन् काय शिरलं ते पाहा. मग आपल्या हंगामाचे तास त्याच्या शेजारी ठेवा. आपण वीस दिवसांत दोनशे तास सहज चिखल करतो.

"गैरवापर" हा शब्द मी एवढा का धरून बसलो, असं एका मित्राने विचारलं. कारण तो साधा शब्द नाही. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये सदोष उत्पादनामुळे झालेल्या हानीची जबाबदारी बनवणाऱ्यावर अन् विकणाऱ्यावर टाकणारं प्रकरण आहे. पण त्यातलंच कलम ८७ म्हणतं की हानीच्या वेळी उत्पादनाचा गैरवापर किंवा त्यात फेरफार झाला असेल तं विक्रेत्यावर तो दावा चालत नाही. जॉबकार्डावरची ती एक ओळ उद्या तुमच्या विरोधात कागद म्हणून उभी राहते. म्हणून असं काही लिहिलेलं असेल तं खाली "मान्य नाही, चिखलणीचं नेहमीचं काम" असं आपल्या हाताने लिहून मगच सही करा, अन् कार्डाचा फोटो काढा.

ट्रॅक्टर उपजीविकेसाठी स्वतः चालवणारा शेतकरी ग्राहक धरला जातो. पन्नास लाखांपर्यंतच्या किमतीची तक्रार जिल्हा आयोगात चालते. पाच लाखांपर्यंत शुल्क नाही, दहा लाखांपर्यंत दोनशे रुपये. आधी १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते. हे मी भांडणं लावायला सांगत नाही, आपला हक्क माहीत असावा म्हणून सांगतो.

२२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टरवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला. चांगलं झालं. पण शोरूमच्या गर्दीत सगळे विचारत होते, किती स्वस्त झालं? चिखलात किती तास टिकेल, हे कोणी विचारलं नाही. आपण विचारत नाही, म्हणून ते लिहून देत नाहीत.

पेजवर कृषी विद्यापीठाची अन् केव्हीकेची मंडळीही आहेत. सर, तुम्ही म्हणाल, चिखलणीच कमी करा, धान पेरून घ्या. मोरांड जमिनीत, तणाचा बंदोबस्त होत असेल तिथे मी ते करून पाहीन. पण कन्हारच्या सखल बांध्यांत पाणी हटतच नाही, अन् पेरलेल्या धानात सावा माजला की निंदायला माणूस मिळत नाही. तिथे चिखलणी राहणारच. तुम्ही वाणांच्या चाचण्या घेता तशा ट्रॅक्टर मालकांच्या नोंदीही घ्या. कोणतं सील किती तासांनी गेलं, हे इथल्या शंभर शेतकऱ्यांकडून लिहून घेतलं तं कंपनीच्या इंजिनिअरला टाळता येणार नाही.

कंपन्यांकडे माझ्या मागण्या चारच:

१. वॉरंटी कार्डावर चिखलणी हा नेहमीचा वापर आहे असं छापा, अन् कोणत्या मापाचं केजव्हील चालेल ते मराठीत लिहा.

२. धानपट्ट्यात विकायच्या ट्रॅक्टरला एक्सलचं दुहेरी, चिखल अडवणारं सील कारखान्यातूनच द्या. चारशे जास्त घ्या, आम्ही देऊ.

३. आषाढ-श्रावणात सील, बेअरिंग, ब्रेकच्या प्लेटा तालुक्याच्या ठिकाणी साठ्यात ठेवा. नऊ दिवस पार्टची वाट पाहायला पऱ्हे थांबत नाहीत.

४. दुरुस्तीचं पुस्तक अन् खास पाने गावच्या मिस्त्रीलाही मिळू द्या. अमेरिकेत कोलोरॅडो राज्याने २०२३ मध्ये शेती यंत्रांसाठी तसा कायदाच केला. आपल्या केंद्र सरकारच्या दुरुस्तीच्या हक्काच्या यादीतही शेती अवजारं आहेत.

अन् आपल्याकडून एकच. यंदा चिखलणी सुरू व्हायच्या दिवशी एक वही ट्रॅक्टरच्या पेटीत ठेवा. तारीख, मीटरचे तास, जमीन कोणती, केजव्हीलचं माप, काय बिघडलं, किती दिवस उभं राहिलं, किती बिल. माझी वही मी नऊ दिवसांच्या त्या नोंदीपासून सुरू केली आहे. हंगाम संपला की तिचा फोटो इथे टाकतो. तुमचाही टाका, मॉडेल अन् तासांसकट.

उद्या पुन्हा बांधीत उतरायचं आहे. सील नवीन आहे. बघू किती तास टिकतं ते.