सगळ्यांकडे आहे, मग मला का नाही?

दोस्तांनो, खेळण्यांचंही एक पंचांग असतं, बरं का! ते कुठल्या भिंतीवर टांगलेलं नसतं, पण गल्लीतल्या पोरांना पाठ असतं. पावसानं घरात कोंडून घातलं की सागरगोटे नाहीतर चिंचोके बाहेर पडतात. दिवाळी आली की मातीचे किल्ले. संक्रांतीला पतंग, रंगपंचमीला पिचकाऱ्या. मध्येच कधीतरी, कोणी न सांगता, भोवऱ्यांचे दिवस येतात. जो तो कमरेला जाळी गुंडाळून फिरतो, भोवऱ्याची आर घासून बघतो. आणि एका सकाळी सगळे भोवरे कपाटाखाली जातात आणि खिशात गोट्या खुळखुळायला लागतात. हे कोण ठरवतं, ते आजवर कोणालाच सांगता आलेलं नाही.

दुसरं एक पंचांग दुकानांचं असतं. त्यात तिथी नसतात, लाटा असतात. २०१७ साली बोटावर गरगर फिरणारं फिजेट स्पिनर आलं. काही महिने ज्याच्या-त्याच्या हातात तेच. देशोदेशीच्या कितीतरी शाळांनी वर्गात आणायला बंदी केली आणि वर्ष सरायच्या आत ते खणात जाऊन पडलं. २०२१ मध्ये पॉप-इट आलं, सिलिकॉनचे बुडबुडे पुटपुट दाबायचं. मग २०२४-२५ मध्ये दप्तरांना लटकायला लागली ती मोठ्या कानांची, दात विचकून हसणारी लबूबू बाहुली. हाँगकाँगमध्ये जन्मलेल्या कासिंग लंग या चित्रकारानं ती २०१५ साली आपल्या चित्रकथांसाठी काढली होती. ती आवडणं मुळीच वाईट नाही. मला तर तिचा तो खट्याळ चेहरा बघून हसूच येतं.

आता आईबाबांनो, "आमच्या वेळी असली थेरं नव्हती" असं म्हणायच्या आधी जरा थांबा. बबलगमच्या वेष्टनातली क्रिकेटपटूंची चित्रं आठवताहेत का? एकाच फलंदाजाची पाच चित्रं जमायची आणि हवा तो काही निघायचा नाही. मुलांनो, तुम्ही आजोबांना हळूच विचारा, तुमच्या बाबांनी ब्रिक गेमसाठी किती दिवस गाल फुगवले होते ते!

तर प्रश्न असा की दिवाळीच्या ओवाळणीचे पैसे हातात असताना दुकानात उभं राहून निवडायचं कसं? जे सगळ्यांकडे आहे ते घ्यायचं, की मुद्दाम तेच सोडून दुसरं घ्यायचं? माझं मत विचाराल तर दोन्ही चूकच. सगळ्यांकडे आहे एवढ्यावरून खेळणं चांगलंही ठरत नाही आणि वाईटही ठरत नाही. त्यापेक्षा दुसरं काहीतरी बघावं. खेळताना काम कोण करतं? तुम्ही, की ते खेळणं?

बॅटरीवरची मोटार घ्या. कळ दाबली की ती स्वतःच पळते, स्वतःच भिंतीवर आपटून वळते, दिवे लावते, गाणंही म्हणते. तुम्ही काय करता? बघता! पहिल्या दिवशी बघायला मजा येते, दुसऱ्या दिवशी पाहुण्यांना दाखवायला मजा येते आणि चौथ्या दिवशी बॅटरी संपते. नवी आणायची आठवण कोणाला राहत नाही, यातच सगळं आलं.

याच्या उलट रुबिकचा क्यूब. बुडापेस्टला वास्तुकला शिकवणाऱ्या एर्नो रुबिक यांनी तो १९७४ साली बनवला आणि १९८० पासून तो जगभर विकला जाऊ लागला. तीही लाटच होती, स्पिनरसारखीच. काही वर्षांत ओसरली, दुकानदारांकडे माल पडून राहिला. पण क्यूब मेला नाही. आज त्याच्या स्पर्धा भरतात, तुमच्याच शाळेत अर्ध्या मिनिटात सोडवणारं कोणीतरी नक्की असेल. कारण क्यूब स्वतःहून काहीच करत नाही. नुसता टेबलावर बसून राहतो. जे करायचं ते तुमच्या बोटांनी आणि डोक्यानं.

भोवऱ्याचंही तेच. गंमत म्हणजे १९९९ साली जपानच्या टाकारा कंपनीनं बेब्लेड आणलं, तेही तिथल्या गल्लीतल्या भोवऱ्यावरूनच. त्या भोवऱ्याला बेगोमा म्हणतात. आपला भोवरा मात्र पहिल्या झटक्याला कधीच फिरत नाही. जाळी सैल गुंडाळली तर आडवा पडतो, घट्ट गुंडाळून हात चुकला तर शेजारच्याच्या पायावर. पण एकदा का तो जमिनीवरून तळहातावर घेता आला, की मग काय विचारता!

मोसमी खेळण्यांचा मला जास्त लळा आहे, हे तुमच्या लक्षात आलंच असेल. दिवाळीचा किल्ला बघा. त्यात विकत काय आणायचं? चार-दोन मावळे, एक तोफ, एक वाघ, सिंहासनावरचे महाराज. पुण्याकडे यांना किल्ल्यावरची चित्रं म्हणतात. तीही गेल्या वर्षीची खोक्यात असतातच. बाकीचा किल्ला कुठल्याच दुकानात मिळत नाही. दगड शोधायचे, पोतं भिजवायचं, माती कालवायची, आळीव नाहीतर मोहरी पेरून रोज पाणी शिंपडायचं आणि कोंब आले की सगळ्या वाड्याला बोलावून दाखवायचं. बुरूज ढासळला तर भांडायचंही! एकट्यानं किल्ला करणारा मुलगा मी अजून पाहिलेला नाही. हल्ली तयार किल्ले विकायला येतात, नुसते आणून ठेवायचे. ते घेण्याचं काय कारण असावं, मला खरंच कळत नाही.

पतंगही असाच. येवल्याला भोगी, संक्रांत आणि कर असे तीन दिवस गच्च्यांवर पाय ठेवायला जागा नसते. आसारी धरायला एक, ढील द्यायला एक, ओरडायला दहा. पतंग कागदाचा. संध्याकाळपर्यंत फाटतोच, त्याचं वाईट वाटून घ्यायचं नाही. कन्नी बांधायला मात्र स्वतः शिका. फक्त एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. नायलॉनचा मांजा फुकट मिळाला तरी घ्यायचा नाही. तो तुटत नाही, हीच त्याची जाहिरात आणि हाच त्याचा धोका. पक्ष्यांचे पंख कापले जातात आणि स्कूटरवरून जाणाऱ्या माणसांचे गळेही. राष्ट्रीय हरित लवादानं २०१७ साली त्यावर देशभर बंदी घातली, तरी चोरून विकणारे असतातच. साधा सुती दोरा घ्या. पेच कमी जिंकाल, पण कोणी दवाखान्यात जाणार नाही. पिचकारीबद्दल एवढंच सांगतो, की ती रंगपंचमी झाल्यावर घ्या. त्याच दुकानात बऱ्याच कमी पैशांत मिळते आणि पुढच्या वर्षी तेवढीच लांब उडते.

आता लबूबूकडे परत येऊ, कारण तिच्याबद्दल सातवीतल्या एका मैत्रिणीचं पत्र आलंय. ती लिहिते, की वर्गात नऊ जणींच्या दप्तराला ती बाहुली आहे, माझ्याच नाही. मधल्या सुट्टीत त्या एका बाकावर बसतात आणि बाहुल्यांचे कपडे बदलतात. बाबांना सांगितलं तर म्हणाले, "ते माकड कशाला हवंय तुला?"

बाबांनो, तिला माकड नकोय. तिला त्या बाकावर जागा हवीय. याला हट्ट म्हणून झटकून टाकू नका. सातवीत असताना मधली सुट्टी फार मोठी असते, विसरलात का?

आणि मैत्रिणी, तुला मी नको घेऊस असं सांगणार नाही. फक्त घेण्याआधी एक हिशेब कर. ही बाहुली बऱ्याचदा बंद खोक्यातून विकतात. आत कुठली आहे ते उघडल्यावरच कळतं. खरी मेख इथेच आहे. समज, एका संचात सहा रंग आहेत आणि ते सारख्याच प्रमाणात खोक्यांत भरलेत. एकेक सुटं खोकं घेत गेलीस तर सहाही रंग जमायला किती खोकी लागतील? सहा? अगं, सहा खोक्यांत सहाही वेगळे निघायची शक्यता १०० त जेमतेम दीड! सरासरीनं जवळजवळ १५ खोकी घ्यावी लागतात. सुरुवातीला पटापट नवे रंग निघतात, म्हणून हुरूप येतो. शेवटचा एक राहिला, की जुनेच पुन्हा पुन्हा निघतात. त्या एकासाठीच सरासरी सहा खोकी जातात.

शिवाय एक गुपित बाहुली असते. काही संचांत ती ७२ खोक्यांमागे एक असते. म्हणजे ७२ घेतली की मिळालीच? तसं नाही. १०० मुलींनी प्रत्येकी ७२ सुटी खोकी घेतली, तरी त्यांतल्या साधारण ३६ जणींना ती मिळणारच नाही. इथे खेळतंय कोण, सांग बघू? बाहुली तर नाहीच.

म्हणून असं कर. ओवाळणीतून घ्यायचीच असेल तर एक घे, आत कुठली आहे ते दिसतंय अशी घे, आणि तिथेच थांब. घरी आणून तिला नाव दे, कपडे शिव. चिंध्यांची बाहुली असो की लबूबू, तिला बोलकं करायचं काम तुझंच असतं. पैसे नसतील तर आईकडून पाच सागरगोटे माग आणि मधल्या सुट्टीत बाकावर टाक. तो जमून खेळायचा खेळ आहे. कोणीतरी येईलच, बघ. सगळ्या नऊ जणी येतील असं मात्र मी म्हणत नाही.

स्वस्तात मिळणाऱ्या नकली बाहुल्यांपासून जरा जपून. त्यांचे तुकडे सहज निघतात आणि लहान मुलांच्या घशात अडकू शकतात, असा इशारा अमेरिकेच्या ग्राहकसुरक्षा आयोगानं ऑगस्ट २०२५ मध्ये दिला होता. आपल्याकडे १ जानेवारी २०२१ पासून १४ वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांवर आयएसआयचा शिक्का सक्तीचा आहे. खोकं उलटंपालटं करून तो शोधा. नोंदणी झालेल्या हस्तकारागिरांच्या खेळण्यांना मात्र त्यातून सूट आहे, तेव्हा सावंतवाडीच्या चितार आळीतली लाकडी फळं आणि भातुकली घेताना शिक्का दिसला नाही म्हणून कारागिराशी हुज्जत घालू नका!

घरात तीन वर्षांखालचं भावंडं असेल त्यांनी एक नळी करून ठेवा. जुन्या पोस्टकार्डातून साडेपाच सेंटिमीटर रुंदीची पट्टी कापा. लांबी १० सेंटिमीटर आणि चिकटवायला थोडी जास्त. गोल वळवून चिकटवली की सव्वातीन सेंटिमीटरला जरा कमी अशा तोंडाची नळी होते. खेळणी तपासणारे लोक साधारण याच मापाचं भांडं वापरतात. जे खेळणं, किंवा खेळण्याचा सुटणारा जो तुकडा, या नळीत पूर्ण मावतो, तो बाळाच्या हाती द्यायचा नाही. गोट्या, सागरगोटे आणि किल्ल्यावरचे छोटे मावळेसुद्धा!

आणि बटणासारखे चपटे सेल. आईबाबांनो, हे तुमच्यासाठी. बोलणाऱ्या, चमकणाऱ्या खेळण्यांत ते असतात. मुलानं गिळला तर तो अन्ननलिकेत अडकून दोन तासांतही आतून भाजू शकतो, आणि बाहेरून काही दिसतही नाही. सेलच्या कप्प्याला स्क्रू नसेल तर ते खेळणं दुकानातच राहू द्या. नुसती शंका आली तरी वाट बघत बसू नका, ताबडतोब मोठ्या रुग्णालयात न्या.

बरं, तो १५ खोक्यांचा हिशेब खोटा वाटतोय का? मग सुट्टीत एक खेळ करा, पैसा लागत नाही. ल्युडोचा फासा घ्या. १ ते ६ हे आकडे म्हणजे सहा रंगांच्या बाहुल्या. फासा टाकत जा, आलेला आकडा लिहीत जा, आणि सहाही आकडे येऊन गेले की थांबा. किती वेळा टाकावा लागला? असं १० वेळा करून सरासरी काढा. एखाद्या डावात आठातच जमेल आणि तुम्ही मला हसाल. एखाद्यात तिसावा फासा टाकला तरी ५ काही येणार नाही, तेव्हा माझी आठवण काढा. तुमचे दहाही आकडे पोस्टकार्डावर लिहून पाठवा. आणि हो, नळीचं माप घेताना पोस्टकार्ड कापलं असेल तर दुसरं घ्या बरं!